पाव मैलाचा ट्रॅक आणि त्रेपन्न वर्षं रिकामा राहिलेला रकाना

६ ऑगस्ट १९७१, शुक्रवारची रात्र. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं विन्स्टन-सेलम शहर. तिथल्या बोमन ग्रे स्टेडियमवर ‘मायर्स ब्रदर्स मेमोरियल’ ही अडीचशे फेऱ्यांची स्टॉक कार, म्हणजे बाजारातल्या गाड्यांवरून घडवलेल्या गाड्यांची, शर्यत झाली. बॉबी ॲलिसन फोर्ड मस्टँग घेऊन पहिला आला, रिचर्ड पेटी दुसरा. कोण पुढे होतं याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. तरीही नॅस्कार या शर्यती चालवणाऱ्या संस्थेच्या दप्तरात त्या शर्यतीच्या विजेत्याचा रकाना २०२४पर्यंत रिकामा होता. दुसऱ्या आलेल्या पेटीलाही विजय दिला गेला नाही. शर्यत झाली, तिकिटं खपली, गाड्या धावल्या, पण जिंकलं कोणीच नाही, असा हिशेब.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी तो ट्रॅक आणि त्याच्या खऱ्या मालकीणबाई समजून घ्याव्या लागतात. मालकीणबाई म्हणजे मॉडिफाइड, शर्यतीसाठी बदल करून घेतलेल्या गाड्या. कायद्याने स्टेडियम नगरपालिकेचं, पण १९४९पासून शर्यतींचा संसार चालवला तो मॉडिफाइडनी. पेटी-ॲलिसनसारखी मोठी मंडळी तिथे पाहुणी म्हणून येत. पाहुण्यांच्या वहीत घोळ झाला, घरच्यांचा हिशेब मात्र चालू राहिला. या प्रकरणाकडे मी तरी असंच पाहतो.

विन्स्टन-सेलम हे तंबाखूवर वाढलेलं शहर. विन्स्टन आणि सेलम ही दोन शेजारची गावं १९१३ साली एक झाली. आर. जे. रेनॉल्ड्स ही सिगारेट कंपनी इथलीच, आणि विन्स्टन, सेलम हे तिने काढलेले दोन प्रसिद्ध ब्रँड गावाचंच नाव मिरवतात. या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख बोमन ग्रे यांच्या नावाने १९३०च्या दशकात, महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून, हे स्टेडियम उभं राहिलं. ग्रे यांच्या पत्नीने त्यासाठी देणगी दिली. मुळात ते अमेरिकन फुटबॉलचं मैदान, आणि आजही विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ तिथे खेळतो. मैदानाला वळसा घालणारा पट्टा आहे पाव मैलाचा, म्हणजे जेमतेम चारशे मीटर. शाळेच्या क्रीडादिनाला पोरं जेवढी फेरी पळतात तेवढीच. त्याच पट्ट्यावर डांबर, त्यावर वीस-पंचवीस गाड्या, आणि भोवती सतरा हजारांच्या आसपास माणसं.

ट्रॅक सपाट आहे. डेटोनासारख्या मोठ्या ट्रॅकवर वळणाला उतार असतो, त्यामुळे गाडी वेग न सोडता वळते. इथे उतार जवळजवळ नाहीच. सरळ भाग संपायच्या आत ब्रेक, वळणात चाकं घसरणार, वळण संपतंय तोवर पुन्हा ॲक्सिलरेटर. आतली कड धरली की गाडी कमी अंतरात वळते, बाहेर गेलात की मागे पडलात. म्हणून सगळ्यांना आतच जायचं असतं आणि आत जागा असते एकाच गाडीपुरती. पुढच्याला उठवायचं असेल तर त्याच्या मागच्या बंपरला ‘नमस्कार’ करावा लागतो. हा नमस्कार किती जोरात, यावर इथली सगळी भांडणं उभी आहेत. लोकांनी या जागेला ‘मॅडहाउस’ नाव ठेवलं ते उगाच नाही. शर्यत संपल्यावर ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि पोलीस मध्ये पडतात, हेही तिकिटाच्या पैशातच येतं असं इथला प्रेक्षक धरून चालतो.

आता मॉडिफाइड म्हणजे काय ते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४२पासून सामान्य गिऱ्हाइकासाठी मोटारी बनणं बंद होतं. युद्ध संपलं तरी नवी गाडी मिळवायला लोक नंबर लावून बसले होते. अशा वेळी नव्याकोऱ्या गाड्या एकमेकींवर आपटताना पाहणं कुणाला रुचलं नसतं. त्यामुळे शर्यतीत उतरायच्या त्या युद्धाआधीच्या जुन्या कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या, विशेषतः फोर्डच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनवाल्या. त्यांचं इंजिन फुगवायचं, नको ते पत्रे काढून टाकायचे, सस्पेन्शन बदलायचं. चोरटी दारू डोंगरातून शहरात पोचवणाऱ्यांनी हे शास्त्र आधीच पक्कं केलं होतं, कारण पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी वेगवान असणं हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. नॅस्कार ही संस्था १९४८ साली रीतसर नोंदली गेली. त्या वर्षीचं तिचं अजिंक्यपद मॉडिफाइडचंच होतं आणि ते रेड बायरनने जिंकलं. ज्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ वर्गाचा पुढे ग्रँड नॅशनल आणि मग कप, म्हणजे नॅस्कारचा सर्वोच्च वर्ग, झाला, त्याची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली.

बोमन ग्रेवरची पहिली नॅस्कार शर्यत त्याच्या महिनाभर आधीची, १८ मे १९४९ची. ती जिंकली फाँटी फ्लॉकने, आणि त्या वर्षीचं मॉडिफाइडचं राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यानेच घेतलं. आज ज्याला लोक ‘खरं’ नॅस्कार म्हणतात, त्याच्याहून या मैदानावरचा मॉडिफाइडचा खेळ वयाने मोठा आहे. धाकट्याचं नाव मोठं झालं म्हणून थोरला दुय्यम ठरत नाही. नॅस्कारच्या इतिहासात मात्र बऱ्याचदा तसंच लिहिलं जातं.

मैदान भाड्याने घेऊन शर्यती भरवणारे दोघं होते : नॅस्कारचे संस्थापक बिल फ्रान्स आणि ॲल्विन हॉकिन्स. हॉकिन्स हे नॅस्कारचे पहिले झेंडेवाले, म्हणजे ज्याच्या हातातल्या झेंड्यावर शर्यत सुटते, थांबते आणि संपते तो माणूस. इथला कारभार पुढे बरीच वर्षं हॉकिन्स कुटुंबाच्या हातात राहिला. बिल फ्रान्स यांचं लक्ष मात्र मोठ्या कामांकडे वळलं. १९५९ला त्यांनी डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक उघडला, १९६९ला टॅलाडेगाचा २.६६ मैलांचा. पाव मैलावर सुरुवात करणाऱ्याच माणसाने पुढे पाव मैलाला जागा उरणार नाही असं जग उभं केलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, धंदा तिकडेच होता.

त्या सुरुवातीच्या काळात इथल्या प्रेक्षकांचे लाडके होते दोन भाऊ, बॉबी आणि बिली मायर्स. गावचेच. २ सप्टेंबर १९५७ला डार्लिंग्टनच्या ‘सदर्न ५००’ शर्यतीत अपघात होऊन बॉबी गेला. सात महिन्यांनी, १२ एप्रिल १९५८ला, बोमन ग्रेवरच मॉडिफाइड शर्यत चालू असताना बिलीला हृदयविकाराचा झटका आला आणि तोही गेला. एका घरातले दोन कर्ते पुरुष वर्षाच्या आत गेले. दोघांच्या नावाने सुरू झालेली शर्यत ती ‘मायर्स ब्रदर्स मेमोरियल’. १९७१चा घोळ झाला तो याच शर्यतीत.

बिली गेला त्याच वर्षी, १९५८च्या मे महिन्यात, ग्रँड नॅशनलच्या गाड्या इथे पहिल्यांदा आल्या. बॉब वेलबॉर्न जिंकला. १९७१पर्यंत अशा एकोणतीस शर्यती इथे झाल्या. ग्लेन वुडने आपल्या कारकिर्दीत ग्रँड नॅशनलच्या चार शर्यती जिंकल्या आणि चारही इथेच. दुसरीकडे कुठे त्याचा विजयाला हात लागला नाही. रेक्स व्हाइटने इथे सहा जिंकल्या. रिचर्ड पेटीचा शंभरावा विजयही इथलाच, २२ ऑगस्ट १९६९चा. पाहुणे नामांकित होते यात वाद नाही. पण ते वर्षातून मोजक्याच वेळा येत आणि जात. उरलेल्या रात्री मॉडिफाइडच्या असत.

आता १९७१. त्या वर्षी तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि रिकाम्या रकान्याचं मूळ त्यांच्यात आहे.

पहिली गोष्ट तंबाखूची. २ जानेवारी १९७१पासून अमेरिकेत टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. रेनॉल्ड्सकडे जाहिरातीचा पैसा पडून राहिला. तो नॅस्कारकडे वळला आणि सर्वोच्च मालिकेला ‘विन्स्टन कप’ नाव मिळालं. हे नाव २००३पर्यंत टिकलं. कंपनीला पैसे लावायचे होते ते मोठ्या, अडीचशे मैलांच्या आणि त्याहून लांब शर्यतींवर. मायर्स ब्रदर्स शर्यतीच्या नावातही अडीचशे होते, पण ते फेऱ्यांचे. पाव मैलाने गुणलं तर होतात साडेबासष्ट मैल.

दुसरी गोष्ट कारखान्यांची. फोर्डने १९७०च्या अखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतलं, क्रायस्लरनेही हात आखडता घेतला. कारखान्याच्या पैशावर धावणारे संघ एकदम उघडे पडले. मग छोट्या बक्षिसाच्या छोट्या शर्यतीला कोण येणार? आयोजकांपुढे प्रश्न उभा राहिला की गाड्याच पुरेशा नाहीत, तर तिकीट कशाचं विकायचं.

तिसरी गोष्ट त्यावर काढलेला तोडगा. नॅस्कारचा ‘ग्रँड अमेरिकन’ नावाचा एक धाकटा वर्ग होता. त्यात मस्टँग, कॅमॅरो, जॅव्हलिन अशा लहान, हलक्या गाड्या असत आणि त्यांचं इंजिनही लहान असे. ठरलं असं की काही छोट्या ट्रॅकवर दोन्ही वर्ग एकत्र पळवायचे. गाड्यांची संख्या भरते, प्रेक्षक खूश. पण धाकट्या वर्गाची गाडी पहिली आली तर विजय कुठल्या वहीत लिहायचा, हे नीट ठरवायचं राहून गेलं. अशा मिश्र शर्यतींची सुरुवात झाली ती बोमन ग्रेवर, आणि पहिल्याच झटक्याला नेमकं तेच झालं.

मुळात हा ट्रॅक मस्टँगच्याच बाजूचा होता. मोठं इंजिन कामी येतं लांब सरळ रस्त्यावर, आणि इथे सरळ रस्ता सुरू होतो न होतो तोच संपतो. जड गाडीला प्रत्येक वळणाआधी जास्त ब्रेक लागतो, टायर लवकर तापतात, ब्रेक दमतात. अडीचशे फेऱ्या म्हणजे पाचशे वळणं. हलकी गाडी दर वळणाला थोडं थोडं कमावत जाते. त्यात चालवणारा ॲलिसन. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात नॅस्कारची मॉडिफाइड विभागातली राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकून तो वर आला होता. सपाट, आखूड, धक्काबुक्कीचा ट्रॅक त्याला नवा नव्हता. कप वर्गाच्या शर्यतीत मॉडिफाइडच्या शाळेत शिकलेला माणूस धाकट्या वर्गाची गाडी घेऊन जिंकतो, यात नवल वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. नवल आहे ते पुढच्या वागण्यात.

विजय लिहिला गेलाच नाही. त्याच वर्षी पुढे टायनी लंडने कॅमॅरो घेऊन हिकरी आणि नॉर्थ विल्क्सबोरो इथल्या अशाच दोन मिश्र शर्यती जिंकल्या, आणि त्या दोन्ही त्याच्या खात्यावर मांडल्या गेल्या. एकाच वर्षात, एकाच प्रकारच्या शर्यतींना दोन न्याय. ॲलिसनच्या नावावर अधिकृत विजय राहिले चौऱ्याऐंशी. डॅरेल वॉल्ट्रिप या दुसऱ्या नामांकित ड्रायव्हरचेही चौऱ्याऐंशीच, त्यामुळे सार्वकालिक यादीत दोघं चौथ्या क्रमांकावर बरोबरीत. ॲलिसन स्वतः मात्र पंच्याऐंशी सांगत राहिला. ऐकणाऱ्याला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला असेल, पण आकडा बरोबर होता.

निकाल ऑक्टोबर २०२४मध्ये लागला. नॅस्कारने तो विजय अधिकृत केला, आणि बिल फ्रान्स यांचे चिरंजीव, संस्थेचे प्रमुख जिम फ्रान्स, स्वतः ॲलिसनच्या घरी जाऊन भेटले. बापाच्या राजवटीत रिकामा राहिलेला रकाना मुलाने भरला. ॲलिसन ९ नोव्हेंबर २०२४ला वारला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. महिनाभरही मिळाला नाही, पण कळलं तरी.

१९७१नंतर बोमन ग्रेचं काय झालं हे बघायला लागलो की मला हे प्रकरण जास्त रंगतदार वाटतं. १९७२ला कप मालिकेच्या शर्यती ४८वरून ३१वर आल्या. छोट्या शर्यती गेल्या, त्यात ही पण गेली. रेनॉल्ड्सचं मुख्यालय ज्या शहरात, त्या शहरातच विन्स्टन कप येईना. दुसऱ्या कुठल्या ट्रॅकवर हे झालं असतं तर आठ-दहा वर्षांत तिथे गवत उगवलं असतं. कप गेल्यावर ओस पडलेले ट्रॅक याच राज्यात आहेत. बोमन ग्रेवर पुढच्या मोसमात मॉडिफाइड होत्या तशाच पळत राहिल्या आणि स्टँड भरत राहिले.

असं का झालं? एक तर जमीन नगरपालिकेची आणि मैदान फुटबॉललाही लागतं, त्यामुळे ते विकून बिल्डरच्या घशात घालायचा प्रश्न आला नाही. शर्यतवाल्यांना फक्त उन्हाळ्यातले शनिवार हवे होते. दुसरं, गाडी. कपची गाडी वर्षागणिक दोन मैलांच्या ट्रॅकसाठी घडत गेली. मॉडिफाइडही बदलली, पण आखूड ट्रॅकच्या अंगाने बदलली. जुन्या कूपे गेल्या, सत्तरच्या दशकात पिंटो आणि व्हेगासारख्या छोट्या गाड्यांचे सांगाडे आले, आणि हळूहळू आजचं रूप ठरलं : बुटकी, रुंद, चाकं पत्र्याच्या बाहेर उघडी, जाड टायर, आणि वर फक्त नावापुरती बॉडी. एक फेरी चौदा सेकंदांच्या आसपास. स्टँडमध्ये बसलेल्याला अख्खा ट्रॅक एका नजरेत दिसतो, कुणी कुणाला ढकललं ते दिसतं, आणि त्यावर मत द्यायला शेजारी ओळखीचा बसलेला असतो. डेटोनाला शर्यतीचा बराचसा भाग पडद्यावरच पाहावा लागतो.

तिसरं कारण माणसांचं, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. इथले ड्रायव्हर दिवसा नोकरी-धंदा करतात आणि रात्री घरच्या गॅरेजात गाडी दुरुस्त करतात. प्रेक्षक त्यांना नावाने शिव्या देतात आणि सोमवारी त्यांच्याच दुकानात जातात. भांडणंही वारशाने चालतात. बिली मायर्सचे नातू बर्ट आणि जेसन याच ट्रॅकवर मॉडिफाइड चालवत आले. बॉबी मायर्सचा मुलगा डॅनी वडील गेले तेव्हा लहान होता. तो पुढे डेल अर्नहार्ट या नामांकित कप ड्रायव्हरच्या संघात गाडीत पेट्रोल भरणारा म्हणून देशभर ‘चॉकलेट’ मायर्स या नावाने ओळखला गेला. टिम ब्राउनने २०२४च्या मोसमाअखेर इथली मॉडिफाइडची बारा अजिंक्यपदं आणि शंभरावर शर्यती जिंकल्या. बर्ट मायर्सची अजिंक्यपदं तेव्हा अकरा. बाहेरच्या जगात या दोघांना कुणी ओळखत नव्हतं आणि विन्स्टन-सेलममध्ये मात्र अर्धं गाव एकाच्या बाजूने, अर्धं दुसऱ्याच्या. गेल्या पाऊण शतकात मोसम खाडा झाला तो २०२०चा, कोविडमध्ये.

हे चित्र मी फार गोड करून दाखवत नाही ना, अशी शंका मलाच येते. धक्काबुक्कीवर पोसलेला प्रेक्षक कधीकधी खेळापेक्षा तमाशाच मागतो, आणि मग ड्रायव्हरही तोच देतात. हात उगारले जातात, गाडी मुद्दाम अंगावर घातली जाते, दंड आणि निलंबन होतं, पुढच्या शनिवारी तिकिटं अजून खपतात. हा व्यवहार चांगला की वाईट यावर इथे बसून निवाडा करणं सोपं आहे, पण त्याच्यामुळेही हा ट्रॅक जगला, हे कबूल करावं लागतं.

२०२४ला नॅस्कारने ट्रॅकच्या शर्यतींचा कारभार स्वतःकडे घेतला. भिंतींना धक्का शोषून घेणारे अडथळे बसवले गेले, आणि २ फेब्रुवारी २०२५ला कपच्या गाड्या १९७१नंतर पहिल्यांदा इथे धावल्या. ‘क्लॅश’ नावाची, गुण न देणारी, दोनशे फेऱ्यांची प्रदर्शनी शर्यत होती ती. चेस इलियट जिंकला. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स यांनाही कपच्या गाड्या मिळाल्या. ब्राउन तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता आणि कपच्या गाडीत पहिल्यांदाच शर्यतीला बसत होता. एरवी तो एका कप संघाच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. दोघांसाठी स्टँडमधून सर्वात मोठा आरडाओरडा झाला. ट्रॅक त्यांना पाठ होता, गाडी नव्हती. पात्रता फेऱ्यांत दोघंही मागे राहिले आणि मुख्य शर्यतीत त्यांना जागा मिळाली नाही.

त्यावर काहींनी म्हटलं की गावचे पैलवान बाहेरच्या फडात उघडे पडले. मला ते पटत नाही. कपची गाडी मॉडिफाइडपेक्षा कितीतरी जड, तिचे ब्रेक, टायर, बसण्याची जागा सगळं वेगळं, आणि सराव मिळाला तो थोडाच. इलियटला मॉडिफाइडमध्ये बसवून त्याच पाव मैलावर ब्राउनच्या मागे सोडलं असतं तर काय झालं असतं, हे त्या रात्री स्टँडमधल्या लोकांना विचारायला हवं होतं. ॲलिसनचा मस्टँगही शेवटी हेच सांगत होता : पाव मैलावर कुठली गाडी आहे त्याने निकाल फिरतो.

क्लॅश आटोपल्यावर कपवाले डेटोनाकडे गेले. एप्रिलमध्ये शनिवारच्या शर्यती सुरू झाल्या आणि ब्राउन व मायर्स आपापल्या मॉडिफाइडमध्ये जाऊन बसले.